राक्षसाचा चेहरा नेमका कोणाचा?

१९३१ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या अमेरिकी चित्रपटाच्या आरंभी पात्रांची आणि नटांची यादी पडद्यावर येते. कॉलिन क्लाइव्ह, मे क्लार्क अशी नावे ओळीने दिसतात. ‘राक्षस’ या पात्रासमोर मात्र नटाच्या नावाऐवजी नुसते प्रश्नचिन्ह आहे. बोरिस कार्लॉफ हे नाव कळते ते चित्रपट संपल्यावर, शेवटच्या यादीत. प्रेक्षकांचे कुतूहल चाळवण्यासाठी युनिव्हर्सल स्टुडिओने योजलेली ही क्लृप्ती होती. थॉमस हॅमिल्टन यांनी २०२१ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘बोरिस कार्लॉफ : द मॅन बिहाइंड द मॉन्स्टर’ हा माहितीपट पाहताना ते प्रश्नचिन्ह पुन्हा डोळ्यांसमोर येते, कारण त्याचे उत्तर एका नावाने भागण्यासारखे नाही.

वरून सपाट डोके, पुढे आलेले कपाळ, अर्धवट मिटलेल्या जड पापण्या आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोल्ट. हा चित्रपट कधीही न पाहिलेला माणूससुद्धा हा चेहरा ओळखतो. पण तो कोणाचा? मूळ कथा लिहिणाऱ्या लेखिकेचा, तो घडवणाऱ्या रंगभूषाकाराचा, तो धारण करणाऱ्या नटाचा, की त्या सगळ्याचे पैसे मोजणाऱ्या स्टुडिओचा? माहितीपटाच्या निमित्ताने हा प्रश्न उलगडून पाहिला तर चित्रपट हा किती जणांच्या हातांतून जाणारा व्यवहार आहे हे नीट कळते.

लेखिकेचा दावा सर्वांत आधी बाजूला काढता येतो. मेरी शेली यांची कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला जीव आठ फूट उंच आहे, त्याची त्वचा पिवळट आणि इतकी ताणलेली आहे की खालचे स्नायू आणि रक्तवाहिन्या जेमतेम झाकल्या जातात. केस काळेभोर आणि लांब, दात मोत्यांसारखे पांढरे. तो पुस्तके वाचतो, युक्तिवाद करतो, आपली कैफियत पानेच्या पाने मांडतो. सपाट डोके आणि मानेतले बोल्ट कादंबरीत कुठेही नाहीत. फ्रँकेन्स्टाइन हे नावही त्या जिवाचे नसून त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे आहे. चेहरा इतका प्रबळ ठरला की निर्मात्याचे नावही त्यालाच चिकटले.

तो चेहरा कल्पिला आणि बांधला जॅक पिअर्स यांनी. हे मूळचे ग्रीक, अमेरिकेत स्थायिक झालेले आणि युनिव्हर्सलच्या रंगभूषा विभागाचे प्रमुख होते. त्यांची विचार करण्याची पद्धत कारागिराची होती. हा जीव प्रेतांचे तुकडे जोडून बनवला आहे आणि बनवणारा माणूस सराईत शल्यचिकित्सक नाही, तेव्हा मेंदू बसवण्यासाठी तो सर्वांत सोपा मार्ग घेईल, म्हणजे डब्याचे झाकण काढावे तशी कवटी वरून आडवी कापेल, मेंदू आत ठेवील आणि वर पट्ट्या मारील, असे त्यांनी धरले. सपाट डोके आले ते या हिशेबातून. मानेतले बोल्ट तर मुळात बोल्ट नाहीतच. वीज शरीरात शिरावी म्हणून ठेवलेली ती दोन टोके आहेत. भीतिदायक काय दिसेल यापेक्षा असे शरीर प्रत्यक्ष कसे जुळवले जाईल याचा विचार त्यांनी केला, आणि माझ्या मते त्या चेहऱ्याच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण हेच आहे.

हे कपाळ रबराच्या साच्यातून काढून चिकटवलेले नव्हते. कापसाच्या थरावर कोलोडियन नावाचा द्रव, त्यावर पुन्हा कापूस, पुन्हा कोलोडियन, अशा रीतीने ते दररोज नव्याने उभे केले जात असे. नखांना लावायच्या नेलपॉलिशमध्ये जे नायट्रोसेल्युलोज असते, तेच कोलोडियनमध्ये ईथरात विरघळवलेले असते. ईथर उडून गेला की मागे कडक, चिवट पापुद्रा राहतो. तो त्वचेवर आवळत जातो आणि त्याचा वास नाकात भरून राहतो. या सगळ्याला सकाळचे सुमारे चार तास लागत, आणि संध्याकाळी ते उतरवण्यात पुन्हा बराच वेळ जाई. चेहऱ्यावरचा रंग हिरवट-राखाडी होता. कृष्णधवल फिल्म रंग पाहत नाही, फक्त उजेड-अंधाराच्या छटा पाहते, त्यामुळे प्रत्यक्षात हिरवट दिसणारी त्वचा पडद्यावर प्रेतासारखी निस्तेज उतरली. राक्षसाला पुढे भित्तिपत्रकांवर आणि खेळण्यांवर हिरवा रंग देण्याची प्रथा पडली, ती पाहता ही गोष्ट गमतीची वाटते.

येथवर सारे श्रेय पिअर्स यांच्याकडे जाते. परंतु हेच लेपन १९४०च्या दशकात इतर नटांच्या चेहऱ्यांवरही झाले आणि त्यांपैकी कोणाच्याही चेहऱ्यावर ते तसे बसले नाही. याचे कारण कार्लॉफ यांच्या तोंडात सापडते. त्यांना कृत्रिम दातांचा काढता-घालता येणारा ब्रिज होता. चित्रीकरणाच्या वेळी ते तो काढून ठेवत, त्यामुळे एका बाजूचा गाल आत ओढला जाई आणि तेथे खोल सावली पडे. ती सावली रंगाने काढलेली नव्हती. डोळ्यांची गोष्ट तर पूर्णपणे त्यांचीच. सगळी रंगभूषा झाल्यावर आरशात पाहताना त्यांना वाटले की नुकत्याच जिवंत झालेल्या प्रेताच्या मानाने आपले डोळे फारच सजग, फारच समजदार दिसत आहेत. मग पापण्यांवर मेणाचा थर चढवला गेला, आणि पापण्या अशा जड झाल्या की पाहणे हीच त्या जिवाला एक मेहनत होऊन बसली.

जेम्स व्हेल या दिग्दर्शकाने त्या चेहऱ्याशी प्रेक्षकांची पहिली भेट कशी घडवली हे सावकाश पाहण्यासारखे आहे. दार उघडते आणि राक्षस आत येतो तो पाठमोरा. पाठ दाराच्या चौकटीत क्षणभर तशीच राहते, मग शरीर हळूहळू वळते, बाजूने चेहरा दिसतो, मग समोरून. कॅमेरा सरकत जवळ जात नाही. एकदम एक जवळची चौकट, लगेच त्याहून जवळची. पार्श्वसंगीत नाही, चित्रपटाच्या कथाभागात ते जवळपास नाहीच. हा लेख लिहिण्यापूर्वी मी तो प्रसंग दोन-तीनदा लावून पाहिला आणि दर वेळी ती शांतताच अंगावर आली. त्यानंतर लगेच शास्त्रज्ञ छताची झडप उघडतो आणि अंधारात जन्मलेल्या त्या जिवावर पहिल्यांदा उजेड पडतो. तो मान वर करतो, उठतो आणि दोन्ही हात उजेडाकडे नेतो, जणू तो हातात धरता येईल. झडप बंद होते. हात मात्र तसेच, रिकामे, पुढे केलेले राहतात. संवाद एकही नाही, चेहरा तर कापूस आणि कोलोडियनने आवळलेला, त्यामुळे सगळी याचना बोटांनी करायची होती आणि कार्लॉफ यांनी ती बोटांनी केली. त्या वेळी ते ४३ वर्षांचे होते आणि चित्रपटांत किरकोळ भूमिका करण्यात त्यांची दहाएक वर्षे गेली होती.

चेहऱ्यावर संकलनाचाही हक्क असतो, हे तळ्याकाठच्या प्रसंगावरून दिसते. एक लहान मुलगी राक्षसाला न घाबरता त्याच्याशी खेळते, दोघे फुले पाण्यात सोडतात आणि ती तरंगताना पाहतात. फुले संपल्यावर मुलगीही फुलासारखीच तरंगेल अशा समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो, ती बुडते, आणि तो गोंधळून, घाबरून पळून जातो. हा भाग अनेक ठिकाणी सेन्सॉरने कापला. कात्री लागली ती तो मुलीकडे हात नेतो त्या क्षणी. नंतर थेट बापाच्या हातांवर मुलीचे कलेवर. त्यामुळे मधल्या वेळात काय घडले असेल याची कल्पना प्रेक्षकाने करायची आणि ती कल्पना मूळ दृश्यापेक्षा कितीतरी ओंगळ व्हायची. कार्लॉफ यांनी दाखवलेला निरागस गोंधळ नेमका कापला गेला आणि मागे उरला तो क्रूर पशू. गाळलेला भाग १९८०च्या दशकात परत जोडला गेला. म्हणजे मधल्या पाच दशकांत लोक ज्या राक्षसाला भीत होते, तो काही अंशी कात्रीने घडवलेला होता.

१९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस मोडकेतोडके बोलू लागतो. कार्लॉफ यांना ते पसंत नव्हते. त्याचा एक दृश्य परिणामही झाला: संवाद म्हणायचे तर दातांचा ब्रिज तोंडात ठेवणे भाग होते, त्यामुळे गाल भरला आणि ती सावली गेली. दोन्ही चित्रपटांतील छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली तर फरक डोळ्यांत भरतो. दरम्यान श्रेयनामावलीतही उलथापालथ झाली होती. प्रश्नचिन्हापासून सुरू झालेला हा नट चार वर्षांत नुसत्या ‘कार्लॉफ’ या आडनावाने झळकू लागला.

या चेहऱ्याची किंमत शरीराने मोजली. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी राक्षस शास्त्रज्ञाला खांद्यावर टाकून टेकडीवरच्या पवनचक्कीकडे नेतो. ते दृश्य पुन्हा पुन्हा घेतले गेले, पायांत वजनदार बूट होते, आणि कार्लॉफ यांच्या पाठीचे दुखणे पुढे आयुष्यभर टिकले. पहाटे रंगभूषेला बसायचे आणि रात्री उशिरा सुटायचे, अशा दिवसांचा अनुभव घेतलेला हा माणूस १९३३ मध्ये ‘स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड’ या नटांच्या संघटनेच्या संस्थापकांत होता याचे नवल वाटत नाही. कामाचे तास, जेवणाची सुट्टी, जादा कामाचे पैसे या गोष्टी तेव्हा नटांना मागाव्या लागत होत्या. स्टुडिओशी करार असताना संघटना उभी करणे हे त्या काळी जोखमीचे होते.

आता या चेहऱ्याच्या आतल्या माणसाकडे. बोरिस कार्लॉफ हे नावही मुखवटाच होते. खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म २३ नोव्हेंबर १८८७, दक्षिण लंडनमधील कँबरवेल. वडील हिंदुस्थानातील मिठाच्या महसूल खात्यात अधिकारी होते आणि ते इंग्रज पिता व भारतीय माता यांचे पुत्र होते. आई एलायझा सारा मिलार्ड हिच्या घराण्यातही भारतीय रक्त असल्याचे मानले जाते. मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे, कारण या एलायझाची मावशी म्हणजे सयामच्या राजदरबारात शिक्षिका म्हणून गेलेली आणि पुढे कादंबरी, नाटक व चित्रपट यांतून जगभर पोचलेली अ‍ॅना लिओनोवेन्स. तिचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, कंपनी सरकारच्या लष्करातील एका साध्या शिपाईगड्याच्या घरी झाला आणि तिचे लग्न १८४९च्या नाताळच्या दिवशी पुण्यात लागले. पुढे मात्र तिने आपण वेल्समध्ये जन्मलो, असे जगाला सांगितले आणि नगरचे नावही घेतले नाही. त्या काळच्या गोऱ्या समाजात मिश्र वंशाचा बभ्रा झाला असता तर राजदरबारातील शिक्षिकेची प्रतिष्ठा तिला मिळाली नसती, हे लक्षात घेतले की त्या खोट्याचा राग येत नाही.

दोन पिढ्यांनंतर त्याच घराण्यातील विल्यमने तेच केले. त्याने राजनैतिक सेवेत जावे अशी घरची अपेक्षा होती. त्याचा भाऊ जॉन प्रॅट त्या सेवेत नावारूपाला आला आणि ‘सर’ झाला. विल्यम मात्र १९०९ मध्ये कॅनडाला गेला, तेथे शेतावर राबला, आणि फिरत्या नाटक कंपनीत शिरताना त्याने नवे नाव घेतले. ‘कार्लॉफ’ हे आईकडच्या स्लाव्ह पूर्वजांचे नाव आहे, असे ते सांगत. त्यांची कन्या सारा यांच्या मते अशा पूर्वजांचा काही पत्ता लागत नाही. सावळ्या वर्णाचे स्पष्टीकरण रशियाकडे ढकलणे सोयीचे पडले असावे, असे मला वाटते. हॉलिवूडने तो वर्ण आपल्या पद्धतीने वापरला: मूकपटांच्या काळात अरब, हिंदी, मेक्सिकन अशी मिळतील ती ‘परकी’ पात्रे त्यांच्या वाट्याला आली, आणि १९३२ मध्ये तर फू मांचू हा चिनी खलनायक. ज्याचा भाऊ ब्रिटिश परराष्ट्र खात्यात चीनविषयक जाणकार म्हणून ओळखला जाई, त्याने हा कार्टूनछाप चिनी उभा करावा, हा दैवदुर्विलासच. आणि ज्या भूमिकेने त्यांना जगभर पोचवले, तिच्यात त्यांचा खरा वर्ण प्रेतवर्णाच्या लेपाखाली पूर्णपणे झाकलेला होता.

घरच्यांना आपली लाज वाटत असेल, ही धास्ती त्यांना पुष्कळ वर्षे होती. १९३३ मध्ये चित्रीकरणासाठी ते इंग्लंडला परतले, तेव्हा प्रसिद्धीच्या एका कार्यक्रमात छायाचित्रकारांनी त्यांना भावांसह उभे राहण्याची विनंती केली. त्यांना वाटले, हे भारदस्त अधिकारी नकार देतील. प्रत्यक्षात कोणी कुठे उभे राहायचे यावरून भावाभावांतच चढाओढ लागली, हे ते पुढे हसत हसत सांगत.

माहितीपट ही वंशाची बाजू झाकत नाही, हे त्याचे मोठे श्रेय आहे. दिवंगत नटावरचा माहितीपट करायचा म्हणजे हाताशी तीनच गोष्टी असतात: जुन्या चित्रपटांचे तुकडे, कागदपत्रे व छायाचित्रे, आणि त्याला ओळखणाऱ्यांच्या आठवणी. तिसरी गोष्ट वेळेशी शर्यत असते. या माहितीपटात सारा कार्लॉफ आहेत, गिलेर्मो देल तोरो आणि जो डान्टे यांसारखे चाहते-दिग्दर्शक आहेत, आणि कार्लॉफ यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेले क्रिस्टोफर प्लमर, रॉजर कॉर्मन, पीटर बोग्डॅनोविच हेही आहेत. प्लमर २०२१ मध्ये, बोग्डॅनोविच २०२२ मध्ये आणि कॉर्मन २०२४ मध्ये गेले. हे काम आणखी काही वर्षांनी हाती घेतले असते तर यांतले काहीच हाती लागले नसते. दोष म्हणायचा तर इतकाच, की दीडशेहून अधिक चित्रपटांच्या कारकिर्दीला दीड-पावणेदोन तासांत बसवताना काही ठिकाणी नुसती धावपळ होते.

शेवटचा दावेदार म्हणजे स्टुडिओ, आणि येथे प्रकरण कायद्यात शिरते. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर ते समजायला सोपे जाते. एक, चित्रपट आणि त्यातील पात्राचे रूप यांवरचा कॉपीराइट, तो निर्मात्याचा. दोन, माणसाचे स्वतःचे नाव आणि चेहरा व्यापारासाठी वापरू देण्याचा अधिकार. तो त्या माणसाचा. पण तो माणूस मेल्यावर काय? हा प्रश्न कार्लॉफ यांचे समकालीन बेला लुगोसी यांच्या वारसांनी न्यायालयात नेला. १९३१च्या ‘ड्रॅक्युला’तील लुगोसींचा चेहरा युनिव्हर्सल मुखवट्यांसाठी, खेळण्यांसाठी, शर्टांसाठी परवाने देऊन विकत होती, आणि वारसांना त्यातले काही मिळत नव्हते. १९६०च्या दशकात खटला दाखल झाला. खालच्या न्यायालयात वारस जिंकले, वरच्या न्यायालयात हरले, आणि १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा अधिकार व्यक्तिगत आहे, हयातीत वापरला नाही तर तो माणसाबरोबरच संपतो. एका न्यायाधीशाने तर स्वतंत्र मतात असाही मुद्दा मांडला की दुसऱ्याने निर्माण केलेले पात्र पगार घेऊन वठवणारा नट त्या पात्राचा मालक होत नाही.

या निकालावर उमटलेल्या प्रतिक्रियेतून कायदा बदलला. १९८५पासून कॅलिफोर्नियात दिवंगत प्रसिद्ध व्यक्तीच्या नावाचा व चेहऱ्याचा व्यापारी हक्क तिच्या वारसांकडे जाऊ लागला, आधी मृत्यूनंतर ५० वर्षे आणि पुढे ७० वर्षे. म्हणजे राक्षसाचे एखादे चित्र विकायचे असेल तर पात्र म्हणून ते एकाचे असू शकते आणि त्यात कार्लॉफ ओळखू येत असतील तर त्यांच्या वारसांचेही. आता दुसरी बाजूही हलणार आहे: अमेरिकेत त्या काळच्या चित्रपटांचा कॉपीराइट ९५ वर्षे टिकतो, त्यामुळे १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ची मुदत २०२६ अखेर संपते आणि १ जानेवारी २०२७ पासून तो चित्रपट तेथे सर्वांसाठी खुला होतो. ट्रेडमार्कचे हक्क मात्र वेगळ्या नियमांनी चालतात आणि ते अशा तारखेला संपत नाहीत.

या सगळ्या हिशेबात पिअर्स कुठेच नाहीत. ते पगारदार होते, त्यामुळे त्यांनी घडवलेले सारे स्टुडिओचे झाले. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात फोम रबराचे तयार तुकडे चिकटवण्याची जलद पद्धत आली, तेव्हा त्यांची नोकरी गेली. १९६८ मध्ये ते वारले तेव्हा फारशी कोणी दखल घेतली नाही.

कार्लॉफ यांचे निधन २ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमधील मिडहर्स्ट येथे, वयाच्या ८१व्या वर्षी झाले. राक्षसाची भूमिका त्यांनी चित्रपटांत तीनदाच केली होती, शेवटची १९३९ मध्ये. त्यानंतर तोच लेप लावून इतर नट उभे राहिले आणि त्यांतले ग्लेन स्ट्रेंज हे एक. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले, त्यांतल्या काहींनी कार्लॉफ यांच्या नावाखाली राक्षसाचे छायाचित्र छापले. ते छायाचित्र ग्लेन स्ट्रेंज यांचे होते.